नानांच्या सौद्यांना माझे मार्क

१२ मे, सोम.

लखनला देऊन टाकलं. नानांनी. आज सकाळी टावर चौकात, पोह्यांच्या गाडीवर, देवास गेटची टीम चालवणाऱ्या पहलवानाला. मला कळलं दुपारी, तेही लखनच्याच फोनवरून. "भिया, अपन तो गए देवास गेट." इतक्या आरामात, जसं काही बनियन बदललं.

आमच्या बास्केटबॉल क्लबात एकच माणूस असा की टाचा उचलल्या तर बोटं जाळीला लागतात. तोच दिला. बदल्यात माणूससुद्धा नाही. लाइट घेतल्या! फ्रीगंजच्या कोर्टावर अंधार पडल्यावर दिवे लावून खेळायची वेळ देवास गेटवाल्यांची असते, कारण खांब पहलवानाने उभे करवलेत. ती वेळ आता सीझनभर आमची. म्हणजे आता आम्ही हरणार ते चांगलं लख्ख उजेडात.

अमेरिकेच्या लीगमध्ये सीझन संपला की मॅनेजर लोक हेच करतात. प्लेयर देतात, पुढच्या वर्षांचे हक्क घेतात, त्याला अ‍ॅसेट म्हणतात. मी रोज सकाळी उठून सगळं बघतो. तिथे कोणी आपला सेंटर ट्यूबलाइटसाठी दिला असता तर लोकांनी त्याला...

मार्क: शून्य. ग्रेससुद्धा नाही.

१४ मे, बुध.

नानांकडे गेलो. भांडायलाच गेलो. नाना मुळे, बँकेतून रिटायर, मी शाळेत असल्यापासून क्लबाचे मॅनेजर. ओसरीवर बसून सायकलच्या पंपाने बॉलमध्ये हवा भरत होते.

"नाना, हे काय केलंत?"

"हवा भरतोय."

"लखन!"

"हो, तोही दिला. हळू बोल, काकू झोपलीय."

म्हटलं, सौदा परत घ्या. तर म्हणे, पोहे झाले. झालं. आमच्या उज्जैनच्या क्लबांत हा काय जंगली कायदा आहे देव जाणे. कागद नाही, सही नाही. घेणारा खिलवतो, देणारा खातो, घास पोटात गेला की सौदा पक्का. फिरवलेला कोणी ऐकिवात नाही. कोणाच्या आजोबांनी फिरवला असेल तर घरचे अजून तोंड लपवत असतील.

निघताना मला थांबवलं. "तू मार्क देतोस म्हणे मला?"

"देतो."

"दे की. पण रिझल्ट लागायच्या आधी? आणि तू? कॉलेज अर्धवट सोडून आलेला?"

ह्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही. काकू उठल्या.

१९ मे, सोम.

कूलरचं पाणी संपलं की रूमची भट्टी होते. रेल्वे क्वार्टरच्या ह्या एका खोलीत मी, बाबांच्या ड्यूटीचे बूट आणि आईच्या गव्हाच्या कोठ्या. इंदूरचं होस्टेल सोडलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो. तिसरं वर्ष, एच.ओ.डी.च्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, मॅचला जाऊ दिलं नाही म्हणून. तेव्हा छाती चार इंच फुगली होती. आता बाबा ड्यूटीवरून येतात, बूट काढतात, माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलले असते तर भांडलो असतो.

नानांचा दुसरा सौदा. बंटी, आमचा एकुलता एक बाहेरून नेम असलेला, भैरवगढच्या टीमला. बदल्यात दीक्षित सर. शाळेत पी.टी. शिकवतात, गुडघा गेलेला, जिना चढताना कठडा धरतात. हा माणूस उड्या मारून रिबाउंड घेणार?

मार्क: पाच. सरांच्या वयाचा मान म्हणून.

माझं ग्राउंडवर जाणं बंद. ज्या टीमची अशी वाट लावली तिच्यासाठी घाम गाळायला मी काय...

२३ मे, शुक्र.

आईला जळगावच्या मावशीसाठी चादरी हव्या होत्या. भैरवगढला नेलं. म्हणजे मीच म्हटलं, चल नेतो. आईला आश्चर्य.

पलकच्या पप्पांचा चादरी छापायचा कारखाना. ती आत होती. मेणाची कढई एका बाजूला, रंगाचे हौद दुसऱ्या, आणि मध्ये ही, ओढणी कमरेला खोचून, हात कोपरापर्यंत निळे. कोर्टावर हिची नखं बघतो तेव्हाही निळीच असतात. बॉलवर डाग पडतात, आमची पोरं चिडवतात. मला तिच्या हातातला बॉल लगेच ओळखू येतो. (वेडा आहे मी.)

ती आमच्याच क्लबाच्या मुलींच्या टीमची कॅप्टन. मुलींना उरलेली वेळ मिळते, दुपारची, सिमेंट तापलेलं असतं तेव्हा. सकाळी ती छापखाना सोडू शकत नाही, ऊन चढायच्या आत रंग वाळायला टाकावे लागतात.

आईने चादरी उलगडायला घेतल्या, तेवढ्यात ही हौदापाशी आली. "सुन, लाइट का सुना तूने?"

बस. मी चालू. नाना सठिया गए, लखनसारखा माणूस दिव्यांच्या बदल्यात देतात, कोणाच्या काय कामाचे ते दिवे, किडे जमतात नुसते, मी मॅनेजर असतो तर सगळं पुन्हा जागच्या जागी केलं असतं. ती ऐकत राहिली. मग "हूँ" म्हणाली आणि कापड हौदात बुडवायला गेली. तिलाही पटलं असणार.

आईने घरी येताना रिक्षात: "तनू, ती मुलगी कोण?" चादरवाली, म्हटलं. "चादरवालीशी एवढं काय बोलत होतास?" बास्केटबॉल. "हं."

२ जून, सोम.

नाना इंदूरला, मुलीकडे. पित्ताशयाचं ऑपरेशन. जाताना मला बोलावलं. वाटलं, माफी मागतील. ऑपरेशनच्या आधी माणसं मागतात. तर हातात पंप दिला. "बॉलमध्ये हवा, चुन्याच्या लाइनी, टाकीचं पाणी. मी येईपर्यंत बघ. कोणी काही विचारायला आलं तर माझ्या जागी तू."

माझ्या जागी तू.

हे मी तीनदा ऐकलं मनात, घरी येईपर्यंत.

बाबांनी जेवताना विषय काढला, नाशिकच्या मामाने तिथल्या कॉलेजात बोलून ठेवलंय. तिसरं वर्ष पुन्हा करता येईल. जुलैच्या सुरुवातीला जायचं. "ह्या वेळी तरी," एवढंच म्हणाले. मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो.

६ जून, शुक्र.

केलं. मी केलं!

सकाळी पहलवानाला टावर चौकात गाठलं. देवास गेटला त्याचं बसच्या बुकिंगचं ऑफिस आहे, पण सकाळी तो पोह्यांच्या गाडीवरच सापडतो. कान कुस्तीत मोडलेले, आवाज एकदम बारीक.

"नाना ने भेजा?"

"नाना की जगह मैं हूँ."

"अच्छा. बोल, छोटे."

"लखन वापस चाहिए. लाइट आप रखो अपनी."

बघतच राहिला माझ्याकडे. "नाना को फोन लगा ले एक बार."

"अस्पताल में हैं. अभी मैनेजर मैं हूँ."

"सोच ले."

"सोच लिया."

"तो खिला."

दोन प्लेट. मी लखनसाठी त्याला खिलवलं, त्याने दिव्यांसाठी मला. वरून सेव जास्त घाल म्हणाला गाडीवाल्याला.  नानांना महिनाभरात जमलं नसतं ते मी एका सकाळी. इंदूरहून येतील तेव्हा लखन कोर्टावर उभा असेल, हात जाळीला.

मार्क: स्वतःला शंभर.

पलकला सांगावं का? नको. स्वतः बघू दे.

७ जून, शनि.

लखनकडे गेलो, सांगायला. पलंगावर पडून होता, भर सकाळी. उठलासुद्धा नाही.

"पूछ तो लेता, भिया."

म्हणजे? म्हणजे असं, की पहलवानाने त्याला बुकिंग ऑफिसात बसवलं होतं. नोकरी. सौद्यातच ठरलं होतं, नानांनी ठरवलं होतं. त्याच्या घरात वडील अंथरुणाला, सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. पहलवान आपल्या टीमच्या पोरालाच कामावर ठेवतो. काल दुपारी घरी पाठवलं त्याला.

"नाना बोलले नाहीत मला," मी म्हणालो.

"तू सुनता किसकी है?" लखन भिंतीकडे वळला.

८ जून, रवि.

नको होतं जायला ग्राउंडवर. गेलो. कितीतरी दिवसांनी.

अंधार पडता पडता मुली आल्या. पलक स्कूटी लावून, बूट बांधत. दीक्षित सर खुर्चीवर, गळ्यात शिट्टी. म्हणजे ते खेळायला आणलेच नव्हते. नानांनी सर आणले मुलींना शिकवायला, लाइट घेतल्या मुलींना खेळायला. जुलैच्या शेवटी भोपाळच्या स्पोर्ट्स होस्टेलची ट्रायल आहे. निवडली गेली तर राहणं, खाणं, शिकणं, खेळणं सगळं तिथे. पलकसाठी ही शेवटची, पुढच्या वर्षी वय निघून जातं. मे महिन्यापासून रोज ह्याच वेळी चालू होतं हे. मी सोडून अख्ख्या फ्रीगंजला माहीत.

तेवढ्यात देवास गेटची पोरं आली बॉल घेऊन. "हमारी टाइमिंग है." दीक्षित सर म्हणाले, नहीं बेटा, इनकी है. पोरं म्हणाली, परसों सौदा पलट गया, तन्मय भिया ने खाए पोहे.

सगळ्या मुली माझ्याकडे. मी कुंपणाबाहेर, हात जाळीत.

पलक चालत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेरे को पता था?"

"नहीं. कसम से."

"मैं उस दिन बताने आई थी. हौद पे. तूने बोलने दिया?"

मी जाळीतून हात काढून घेतले.

"तूने किसी से पूछा, किसके लिए हैं लाइट?"

नाही विचारलं. मी तर मार्क देत होतो.

तिने बूट सोडले, हातात घेतले, अनवाणीच स्कूटीवर बसून गेली.

११ जून, बुध.

खोली. कूलर. बूट. आई दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली. ताप नाही म्हणाली, जरा निराश होऊनच.

पलकला फोन. उचलत नाही. मेसेज. दोन निळ्या खुणा येतात. वाचते म्हणजे.

मुली दुपारच्या उन्हात परत. ऐकलं की एकीला चक्कर आली, तिच्या घरच्यांनी बंद केलं. अजून दोघींचं डळमळतंय. सरावाला पाच तरी नकोत का टीमला?

१६ जून, सोम.

नाना आले. अर्धे झालेत. मी जाऊन उभा राहिलो दारात. वाटलं काठी फेकून मारतील, मारावी.

"खाल्लेस?"

"हो."

"पोटभर?"

मी चपला काढल्या.

"मग झालं."

मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? चिडूनच म्हटलं. माझी चिडायची काय लायकी, तरी. काकूंनी आतून "झालं सुरू" म्हटलेलं ऐकू आलं.

नाना म्हणाले, "कोणाला सांगणार? तुला सांगायचं म्हणजे टावर चौकात लाउडस्पीकर लावायचा. पहलवानाला कळलं असतं की पोरींना ट्रायलसाठी लाइट हव्यात, तर एका लखनवर सुटलो असतो? गरज दिसली की भाव चढतो रे. तो समजला, म्हाताऱ्याला लाइटची हौस आलीय. समजू दिलं."

एका सौद्यात तीन कामं. लखनला नोकरी, मुलींना संध्याकाळ, आणि पहलवानाला कळलंसुद्धा नाही. अमेरिकेतल्या कोणाला सुचलं नसतं. आणि मी शून्य दिला होता.

"आता मी काय करू?" विचारलं.

"हवा भर," म्हणाले, आणि कूस बदलली. कळ आली असावी, डोळे मिटले.

१९ जून, गुरु.

पहलवानाच्या ऑफिसात. समोर बस सुटत होती, कंडक्टर "इंदोर इंदोर" ओरडतोय, माझं बोलणं अर्धं त्यात वाहून गेलं.

"वापस?" पहलवान हसला नाही. "छोटे, खाया हुआ उलटा नहीं जाता. मैंने बोला था फोन लगा ले."

मी हात जोडले. खरंच जोडले. सांगून टाकलं सगळं: ट्रायल, भोपाळ, वय, पलक. पलकचं नाव घेतलं तेव्हा त्याने मिशी ओढली. आणि सांगता सांगताच मला कळत होतं की मी काय करतोय. गरज दाखवतोय. थांबवता येत नव्हतं.

"ठीक. नया सौदा," तो म्हणाला. "लखन मेरा. और तू मेरा, दो सीजन. तब लाइट ट्रायल तक लड़कियों की."

एकाच्या जागी दोन. नाना म्हणाले होते तेच.

"मैं?"

"तेरे को तो कब से माँग रहा हूँ. मैंने लखन माँगा ही नहीं था, तुझे माँगा था. नाना बोले, वो नहीं मिलेगा, लखन ले जा." मग म्हणाला, "पर बात नाना करेंगे. तेरे खाने से मेरा भरोसा उठ गया."

कंडक्टर हसला.

२० जून, शुक्र.

झोप नाही. नानांनी मला दिलं नाही. सगळ्यात चांगला प्लेयर दिला पण मला नाही. का? ह्याचे मार्क कसे देणार?

विचारलं त्यांना. त्यांनी उशी पाठीशी सरकवली. मग: "भाव पडलेला असताना विकायचं नसतं." आणि हसायला गेले तर टाके दुखले, पोट धरून बसले. काकू मलाच ओरडल्या.

मग पाणी पिऊन म्हणाले, "तिकडे तुला कोणी टोकलं नसतं. मॅच जिंकून दिलीस की खांद्यावर घेतलं असतं. मग तू असाच राहिला असतास, गल्लीतला शेर. मला वाटलं तू परत कॉलेजला जाशील. इथे तुला काही बांधून ठेवणारं नको म्हणून मीच बांधलं नाही."

पहलवानाचा नवा सौदा सांगितला. चेहरा बदलला. "दो सीजन म्हणजे नाशिक नाही."

"माहीत आहे."

"आणि लखन गेला, तू गेलास, म्हणजे आपली टीम उतरत नाही ह्या वर्षी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे सुचलंच नव्हतं. पुन्हा तेच.

२६ जून, गुरु.

पलकने पप्पांना पटवून सकाळी यायचा प्रयत्न केला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रंग उशिरा वाळायला पडले, कापडाचा अख्खा थान डागाळला, पप्पांनी स्कूटीची चावी काढून घेतली. हे मला तिने नाही सांगितलं. बंटीने सांगितलं. तो आता भैरवगढचा, त्याला तिथल्या सगळ्या बातम्या.

दुपारी गेलो ग्राउंडवर. चौघीच होत्या. पलक एकटी लेअप मारत होती, दीक्षित सर छत्री धरून. सिमेंटवरून वाफ. बॉल हातातून निसटला, माझ्याकडे आला. उचलला. निळा डाग. दिला परत.

"पहलवान से बात हुई है," मी म्हणालो. "हो जाएगा."

"किसके बदले?"

सांगितलं.

बॉल कमरेवर धरून उभी राहिली. घाम नाकाच्या टोकावर. "और नासिक?"

तिला नाशिक कोणी सांगितलं? बंटी, दुसरं कोण.

"मेरे पे एहसान मत चढ़ा," म्हणाली. "मैं सिलेक्ट हुई तो भोपाल चली जाऊँगी. समझता है ना? रुकूँगी नहीं. तेरे लिए तो बिल्कुल नहीं."

"समझता हूँ."

"फिर?"

फिर काय.  मी म्हटलं, उन्हात उभी राहू नकोस. मराठीत म्हटलं, घाबरून. तिला कळलं. "तू भी," म्हणाली आणि वळली.

२९ जून, रवि.

सगळी दारं आतून बंद आणि किल्ली माझ्याच खिशात, असं काहीतरी. नाशिकला गेलो तर मुलींची टीम इथेच संपते, लखन पलंगावर. राहिलो तर पलक भोपाळला आणि मी देवास गेटला, दोन वर्षं, पहलवान सांगेल तसा. तिसरं काही नाही. रात्रंदिवस शोधतोय तिसरं.

आईने बॅग काढली माळ्यावरून. ऊन दाखवलं तिला. माझे शर्ट मोजून ठेवतेय. मला म्हणाली, थंडी असते हो नाशिकला, तुझा तो स्वेटर लहान झाला असेल.  तिने स्वतःच ओढून ताणून पाहिला.

लखन भेटला. आता रागावलेला नाही, हे जास्त वाईट. "तू जा यार, पढ़ ले," म्हणाला. "मैं देख लूँगा." काय बघणार आहे?

२ जुलै, बुध.

नानांना सांगितलं, माझा निर्णय झाला. द्या मला.

ते आता ओसरीवर बसू लागलेत. माझ्याकडे बघितलंच नाही, रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरीसाठी?"

"लखनसाठीपण."

"तिने सांगितलं ना, थांबणार नाही?"

"हो."

"तरी?"

"नाना, गलती मी केली. तुम्ही फेडायची?"

"फेडतोय मीच. टीम माझी बंद पडतेय." हे कडू होतं. मग: "मी जाईन पहलवानाकडे. टीम गेली तर गेली, पुढच्या वर्षी पोरं गोळा करू. पण एक अट. आधी बाबांना सांग. तू सांग, मी नाही. त्यांनी बोलून ठेवलंय नाशिकला, माणूस कोणासमोर शब्द टाकत नाही, त्यांनी टाकलाय. त्यांना न विचारता मी तुझा सौदा केला, तर मी आणि तू सारखेच."

"ते हो म्हणणार नाहीत."

"हो म्हणायला कोण सांगतंय? सांगायला सांगतोय."

४ जुलै, शुक्र.

नाही सांगितलं. काल बाबांची नाइट ड्यूटी. आज ते झोपलेत. हे कारण झालं का? नाही.

संध्याकाळी पलकचा मेसेज आला. तीन आठवड्यांनी. एकच ओळ. चौघींतली एक गेली, आता तिघी. खाली काही नाही. माझ्याकडून काही मागितलेलं नाही. मी दहा वेळा उत्तर लिहिलं, पुसलं.

पहलवान म्हणे सोमवारी बाहेरगावी जातोय, आठवडाभर. म्हणजे रविवारी सकाळी नाना त्याच्याकडे गेले तर गेले. पुढे ट्रायलच्या आधी उरतं काय?

माझी गाडीही रविवारीच. रात्रीची.

५ जुलै, शनि.

जेवताना सांगणार होतो. आमटीत मीठ नव्हतं, बाबा आपल्या हाताने मीठ घेत होते. आई नाशिकच्या मामीला फोनवर सांगत होती, पोरगं सुधारलं हो. आमचं पोरगं. बाबांनी ऐकलं आणि मान खाली घालून जेवत राहिले, पण कान लाल झाले होते त्यांचे. खूश असले की होतात.

बंद केलं तोंड. पाणी प्यायलो.

एच.ओ.डी.समोर दोन मिनिटांत जर्नल आपटलं होतं. पहलवानासमोर "मैनेजर मैं हूँ" म्हणालो होतो. नानांना काय काय बोललो. ही माझी जीभ, सगळ्या उज्जैनात चालते, ह्या एका माणसासमोर...

६ जुलै, रवि.

सकाळ. नानांचा फोन आला. "मी चप्पल घालून बसलोय," एवढंच.

आई देवळात. बॅग दारात, कुलूप लावून. लिहितोय कारण हात काही करायला हवेत.

बाबा आत आले आत्ता. हातात तिकीट. उभ्या उभ्याच म्हणाले, "भुसावळपर्यंत बर्थ मिळाली. चार्टवाल्याशी बोलून आतली करून घेतली, खालची. साइडला तुझे पाय दुमडतात." तिकीट टेबलावर ठेवलं. बोटांनी सपाट केलं. जायला वळले.

मी म्हणालो, बाबा, जरा बसता का.

ते थांबले. खोलीत खुर्ची ही एकच, मी बसलोय ती. मग गव्हाच्या कोठीवर बसले, आईने पाहिलं तर ओरडेल. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसतायत. खूप वेळ पुसतायत.

मी लिहितोच आहे. ते बघतायत.

म्हणाले, "लिहून होऊ दे तुझं. मला घाई नाही."